शेपटीचा ठोका

हजेरीपटात दोघांचं पहिलं अक्षर एकच.
दोद्झीचं तेच, डेलाचं तेच.
जिल्ह्याच्या छापखान्यात शेपटीवाला ड नव्हता,
म्हणून त्यांनी गावातले सगळे ड
सोलून काढले, कोंबडी सोलतात तसे,
आणि त्यांचे द करून पाठवले.

पण आमच्या एवे भाषेत
जीभ मागे वळून टाळूला लागते, तेव्हा अर्थ वळतो.
डेला म्हणजे सोडवणारा.
द लावून हाक मारा,
तो मान वर करणार नाही.

केटाच्या खाजणाकाठी आमची बालवाडी.
कांद्याच्या वाफ्यांवरून वारा येतो, डोळे चुरचुरतात,
पालकांना वाटतं बाई मारतात.
एकवीस मुलं. पेन्सिली नऊ.
तेव्हा पेन्सिल नंतर.
आधी घंटा.

दोन तोंडांची लोखंडी गांकोगुई,
एक तोंड घोगरं, एक किनरं.
बारा मात्रांच्या फेऱ्यात सात ठोके,
आणि ठोका नसतो तिथेही मनगट चालूच.
अक्षराचं असंच आहे, मी सांगते,
पेन्सिल उचलली तरी
हाताने थांबायचं नाही.

सेफाकोर तीन टाळ्यांत बसते. से. फा. कोर.
कोरला ती उडी मारते, म्हणून तिची शेवटची रेघ
नेहमी ओळीच्या वर.
मावुएन्येगाला पाच टाळ्या लागतात
आणि पाचवीला पान संपतं.
उरलेला गा तो शेजारणीच्या वहीत लिहून येतो.
शेजारीण रडते.
मग तिच्या नावाच्या दोन टाळ्या आम्ही जरा जोरात वाजवतो.

डेला बाकाखाली.
तिथूनच लिहितो, पोटावर पालथा पडून:
एक दांडी, एक पोट,
आणि पोटाखाली एक ओरखडा.
सोमवारी मी ओरखडा खोडला.
मंगळवारी खोडला.
बुधवारी खोडरबराने कागदाला भोक पडलं,
भोकातून त्याचा एक डोळा माझ्याकडे बघत होता.

गुरुवारी घंटा त्याच्या हाती दिली, निव्वळ कंटाळून.
दोद्झीचं नाव त्याने किनऱ्या तोंडावर वाजवलं.
स्वतःचं, घोगऱ्यावर.
परत दोद्झी, किनरं.
परत डेला, घोगरं,
आणि हे करताना पायाचा अंगठा
दर वेळी जमिनीत खाली, मागे
रुतत होता.

माझ्या तोंडात माझीच जीभ मागे वळली.
तीन दिवस मी काय खोडत होते
ते तिला आधी कळलं.

वीस वर्षं शिकवते आहे मी.
कुणी विचारलं तर सांगते, ताल मी शिकवते.

त्या दुपारी सगळ्यांना खाजणावर नेलं.
पाणी हटलेलं, वर मिठाची पांढरी साय.
एकवीस नावं टाचांनी, बोटांनी, काडीने.
आखात्सेचा भोपळा खुळखुळत होता,
मणी जाळीत घसरत होते,
दोद्झीने आपलं द छान गोल काढलं
आणि त्यावरच बसला.
डेलाने दांडी ओढली, पोट काढलं,
मग शेपटी.
शेपटी संपेचना.
सायीवरून, चिखलावरून, खेकड्यांच्या भोकांना वळसा घालत
पाण्यापर्यंत गेली.
मी थांबवलं नाही.
घंटेचा फेरा अजून मिटला नव्हता.

महिन्याअखेर तपासणीला मिस्टर द्झोकोटो आले.
पेन्सिलीच्या तासाला हा गोंगाट कसला, म्हणाले.
मग हजेरीपट उघडला,
बोट फिरवत खाली आले, थांबले.
हे काय? शाई सांडली?

बाकाखालून दोन ठोके आले,
घोगरे.

साहेबांचंही पाळण्यातलं नाव ड वरून असावं.
काही बोलले नाहीत.
फक्त टोपण काढलं
आणि पुढच्या पानावर, एका ओळीत,
कुणाच्या तरी अक्षराखाली
पेन टेकवून जरा वेळ बसले.